तळहाताएवढा अल्बम: चार फोटो, आठ पानं

गेल्या जानेवारीत आत्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, आली नाही. गुडघे गेलेत, पुण्यात मुलाकडं तिसऱ्या मजल्यावर असते, जिना उतरणं म्हणजे तिच्या भाषेत घाट उतरणं. फोनवर तिनं एवढंच विचारलं, “अक्षता पडल्या का गं?” मी व्हिडिओ पाठवला. पण तो लावून द्यायला नातू कॉलेजातून घरी यावा लागतो. मग ठरवलं, हिला कुणाची मदत न घेता हातात धरता येईल असं काहीतरी करून पाठवायचं.

बाजारातला अल्बम जाड असतो. दोनशे फोटो, प्लॅस्टिकची पाकिटं, आणि पाहुणे आले तरच तो कपाटातून बाहेर येतो. मला हवा होता पोथीशेजारी मावणारा, दुपारी आडवं पडल्यावर एका हातात धरता येणारा. पहिला केला तो वाकडा झाला, दुसऱ्याचं कव्हर केळीच्या पानासारखं वळलं. आता मैत्रिणींसाठी, नणंदेसाठी, शेजारच्या काकूंसाठी करून करून हात बसलाय. खाली सांगतेय ती कृती त्या सगळ्या चुकांतून आलेली आहे. सामान साधं आहे, सोलापुरात नवी पेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल, आणि एका सुट्टीच्या दिवसाचं काम अधिक वाळायला एक-दोन रात्री, एवढाच वेळ.

आधी फोटो, मग कात्री

या अल्बमात आठ पानं आहेत आणि फोटो फक्त चार. अल्बम मिटला की समोरासमोरची दोन पानं एकमेकांना टेकतात. दोन्हीकडं फोटो लावले, तर सोलापूरच्या मे महिन्यात चकचकीत फोटो एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंग निघून येतो. म्हणून एका पानावर फोटो, समोरच्या पानावर मजकूर. असे चार जोड. पहिल्यांदा ही अडचण वाटली होती. आता वाटतं, चारच निवडायचे म्हटल्यावर माणूस विचार करतो.

निवडीचा माझा एक नियम आहे, पटला तर घ्या. नुसत्या देवाचा फोटो लावायचा नाही, देवापाशी असलेलं आपलं माणूस लावायचं. सिद्धेश्वर महाराजांची तसबीर देवळाबाहेरच्या प्रत्येक दुकानात मिळते. पण बाराबंदी, म्हणजे यात्रेतला बंदांचा अंगरखा, घालून, डोळे चोळत पहाटे अंगणात उभे असलेले आमचे आजोबा फक्त आमच्याच ट्रंकेत आहेत. तसंही बऱ्याच देवळांत गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. त्यामुळं नजर आपोआप बाहेर वळते: रांगेत पेंगलेला लहान भाऊ, ओटी भरताना आईचे हात, नंदीध्वज (यात्रेतल्या उंच, मानाच्या काठ्या) पुढं जाताना गर्दीत टाचा उंचावलेली काकू.

दुसरं म्हणजे एका अल्बमात एकच गोष्ट घ्या. आमच्याकडं विषयांना तोटा नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची, म्हणजेच सिद्धेश्वर महाराजांची, ही यात्रा, त्यांनी स्थापलेली ६८ लिंगं, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, मग होम आणि शोभेचं दारूकाम, यातला एकेक दिवस एका अल्बमाला पुरतो. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणारे असतील, तर त्या एका रात्रीचा करा: निघताना पायात असलेल्या चपला आणि पोचल्यावर सुजलेले पाय. पद्मशाली घरात नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय महामुनींचा रथ असेल. आषाढात शेगावची गजानन महाराजांची पालखी शहरातून जाते, तेव्हा वारकऱ्यांना घरी जेवायला घालणारी कितीतरी घरं आहेत. त्यांच्या पंगतीचा करा. शेजारच्या काकूंनी तर देवाचं नावही नसलेला केला, नुसता देवघरातल्या समईचा: सासूबाई वात लावतायत, मग त्या स्वतः, मग सून, मग नात.

सगळ्याची खिचडी मात्र करू नका. बारसं, लग्न, तिरुपती आणि गोव्याची सहल एकत्र आली की एकाही फोटोपाशी कुणी थांबत नाही.

फोटो दाखवून विचारा

हे काम कागद कापण्याआधी करायचं. घरातल्या जाणत्या माणसापुढं निवडलेले फोटो ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि गप्प बसा. “तुमच्या श्रद्धेबद्दल सांगा” असं विचारलं तर कुणीही काही सांगत नाही, उलट प्रवचन सुरू होतं. बोटानं दाखवून विचारा: हा पलीकडचा कोण? हातात काय आहे? त्या दिवशी जेवायला काय होतं? कोण रुसलं होतं?

आत्याला मी आजोबांचा बाराबंदीतला फोटो फोनवर पाठवून असंच विचारलं. मला वाटलं होतं, ती काठी धरण्याच्या मानाबद्दल बोलेल. ती म्हणाली, “ती बाराबंदी आपली न्हवतीच की. आपली इस्त्रीत जळाली सकाळी सकाळी. आईनं शेजारून मागून आणली, म्हणून बग, बाह्या आखूड हाईत.” चाळीस वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि बाह्या कुणालाच दिसल्या नव्हत्या. अल्बमात मी हेच वाक्य जसंच्या तसं लिहिलं. ते पुस्तकी मराठीत आणू नका, तुमच्या घरची बोली आहे तशीच ठेवा.

साल आठवत नसेल तर तारखेच्या मागं लागू नका. सोलापूरकडच्या म्हाताऱ्या माणसांची कालगणना वेगळी असते: १९७२च्या दुष्काळाआधी की नंतर? गिरणी चालू होती का तेव्हा? किल्लारीचा भूकंप, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३, झाला होता का? ‘भूकंपाच्या आदल्या वर्षी’ असं उत्तर मिळालं की झालं काम. तसंच लिहा.

आणि एक विचारून घ्या. काही घरांत वारलेल्या माणसाचा फोटो देवाच्या फोटोशेजारी लावत नाहीत. आपल्याला चालत असलं तरी ज्याच्या हातात अल्बम जाणार आहे त्याला चालतं का, हे कापण्याआधी कळलेलं बरं.

मूळ फोटोला हात लावू नका

हे मी पोळून सांगतेय. आजीचा आणि आजोबांचा एकत्र असा एकच फोटो होता, फ्रेममध्ये, काचेला चिकटलेला. मी फ्रेम उघडली आणि एका कोपऱ्यातून हलकेच सोलायला घेतला. आजी कागदावर राहिली. आजोबांचा अर्धा चेहरा काचेवर राहिला. ती काच अजून गुंडाळून ठेवली आहे, टाकवत नाही.

तर काचेला चिकटलेला फोटो काचेतूनच घ्यायचा. फ्रेम भिंतीवरून उतरवा, हार काढा, काच कोरड्या मऊ कापडानं पुसा. खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी भिंतीला टेकवून उभी करा. मोबाइलचा फ्लॅश बंद. काचेत तुमचं आणि पंख्याचं प्रतिबिंब दिसेल. त्यासाठी काळी ओढणी घ्या, तिला मोबाइलच्या कॅमेऱ्यापुरतं भोक पाडा (जुनी ओढणी घ्या, नवीवर मी शिव्या खाल्ल्या) आणि तिच्या आडून फोटो काढा. मोबाइल फ्रेमशी अगदी समांतर हवा, नाहीतर माणसं वर रुंद आणि खाली निमुळती होतात. सात-आठ काढा, एक तरी बरा येतो. आमच्या एका फोटोच्या काचेवर गंधाचा टिळा होता, वर्षानुवर्षं लावून कडक झालेला. मी तो पुसला नाही. तो टिळाही आजीनंच लावलेला होता.

सुटे फोटो असतील तर स्कॅन करा: साध्या आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं, पासपोर्टएवढ्या छोट्या फोटोला ६०० ठेवा. मूळ फोटोच्या मागं नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, काठाला, हलक्या हातानं. बॉलपेननं दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला, नेमकं कुणाच्या तरी गालावर, उमटतं.

छपाई

आपला फोटो ३ बाय ४ इंचाचा आहे. स्टुडिओतला ४ बाय ६ चा प्रिंट मधोमध कापला की ३ बाय ४ चे दोन होतात, म्हणजे चार फोटोंना दोनच प्रिंट लागतात. मोबाइलवरच्या कुठल्याही कोलाज ॲपमध्ये ४ बाय ६ च्या चौकटीत दोन फोटो जोडून द्या. उभे फोटो असतील तर आडवे फिरवून एकाखाली एक ठेवा. यंत्रात कडा थोड्या कापल्या जातात, त्यामुळं कुणाचं डोकं अगदी काठाला नको.

इतक्या लहान आकाराला ९०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. त्यामुळं मावसभावानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटोही बहुतेक वेळा चालून जातो, आणि लहान अल्बमाचा हा मोठा फायदा. प्रिंट मॅट फिनिशमध्ये मागा, बोटांचे ठसे उमटत नाहीत. घरच्या इंकजेट प्रिंटरवर शक्यतो नको, ओल्या बोटानं शाई फुटते. आणि असा अल्बम बघताना डोळे पुसलेली बोटं लागतातच.

सामान

साधारण २२० जीएसएमचं (हे कागदाच्या वजनाचं माप) एक फुल कार्डशीट, २२ बाय २८ इंचाचं. रंग फिकट घ्या, मी दुधावरच्या साईच्या रंगाचं घेते. दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा. कव्हरसाठी जुनं सुती कापड. फेविकॉल, दोन चमचे मैदा, एक इंची ब्रश, कटर, स्टीलची पट्टी, चांगल्या प्रतीची डबल टेप, बटर पेपर आणि दोन फूट फीत. घडीवर दाब द्यायला स्टीलच्या चमच्याची मूठ चालते. सेलोटेप घरात असेल तर ती दुसऱ्या खोलीत ठेवून या, म्हणजे मोह होणार नाही. चार-पाच वर्षांत ती पिवळी पडते, निघून येते आणि मागं डाग सोडते.

कापडाबद्दल जरा सांगते. पहिल्या उत्साहात मी सोलापुरी चादरीचा तुकडा घेतला होता. दिसायला झकास, पण ती जॅकार्डची जाड वीण कोपऱ्यात दुमडेना. कोपरे अंगठ्याएवढे झाले. चादर मांडीवर घ्या, कव्हर तिचं नको. सगळ्यात छान बसतो तो आजीच्या इरकलीचा विटलेला भाग, काठासकट. आधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग जात असेल तर ते लुगडं नेसलेल्या आजीचा फोटो लावा आणि कापड दुसरं घ्या.

कागदाचाही ताणा असतो

विणकरांच्या गावात हे समजावणं सोपं आहे. कापडाला जसा ताणा आणि बाणा, तसे कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं लागलेले असतात. त्या दिशेनं घडी घातली तर ती सुरेख मोडते. आडवी घातली तर घडीवर कागद फाटल्यासारखा तडकतो आणि दोन महिन्यांत तिथं पांढरी रेघ दिसते. ओळखायचं कसं? कार्डशीट टेबलावर ठेवून एकदा लांबीच्या बाजूनं आणि एकदा रुंदीच्या बाजूनं अर्धं वळवा, घडी न पाडता, नुसता तळव्यानं दाब द्या. ज्या बाजूनं ते सहज, कुरकुर न करता वळतं, त्या वळणाला समांतर तंतू आहेत. आपल्या घड्या त्यांनाच समांतर हव्यात.

आता माप. एक पान साडेतीन इंच रुंद आणि साडेचार इंच उंच. तंतू शीटच्या २२ इंची बाजूला समांतर असतील तर सोन्याहून पिवळं: २८ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद अशा चार पट्ट्या निघतात, प्रत्येकीची बरोबर आठ पानं. एका शीटमध्ये चार भावंडांचे चार अल्बम. तंतू उलटे, म्हणजे २८ इंची बाजूला समांतर असले, तर पट्ट्या २१ इंचाच्या काढा. साडेचार इंच रुंदीच्या सहा पट्ट्या निघतील, प्रत्येकी सहा पानांच्या. मग फोटो चारऐवजी तीन.

कटर एकदाच जोरात ओढू नका, हलक्या हातानं तीन-चार वेळा ओढा. पट्टी धरणाऱ्या हाताची बोटं काठाच्या आत ठेवा. (माझ्या डाव्या तर्जनीवर खूण आहे.)

घड्या मोजून घालू नका. दर साडेतीन इंचावर खूण करत गेलात तर प्रत्येक खुणेला केसाएवढा फरक पडतो आणि आठव्या पानापर्यंत त्याचा चांगला पाव इंच होतो. त्याऐवजी अर्धं करत जा: २८ चे १४, १४ चे ७, ७ चे साडेतीन. काठाला काठ जुळवायचा, मधून बाहेरच्या दिशेनं बोट फिरवायचं, मग चमच्याच्या मुठीनं घडी पक्की करायची. उघडलं की सात घड्या दिसतील, पण सगळ्या हव्या त्या दिशेला नसतील. लहानपणी कागदाचा पंखा करायचो तशा एक आत, एक बाहेर करून घ्या. पहिली घडी, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पानामधली, आत जाणारी हवी. तसं झालं की पट्टी मिटल्यावर पहिलं पान दुसऱ्याच्या कुशीत बसतं आणि अल्बम मराठी पुस्तकासारखा उघडतो.

सहा पानांची पट्टी असेल तर आधी तिचे सात-सात इंचाचे तीन भाग करून मग प्रत्येकाचा अर्धा करा.

चिकटवण्याआधी लिहा

बहुतेकजण आधी सगळं चिकटवून मग लिहायला बसतात, आणि एक शब्द चुकला की रडतात. आत्ता कागद सुटा आहे, चुकला तर नवी पट्टी घ्या.

जलरोधक काळ्या शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या. जेल पेन पसरतं. पेन्सिलीनं फिकट रेघा आखा, एका पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नको. वाचणारं माणूस म्हातारं असेल तर अक्षर मोठं आणि ओळी चार. नावाबरोबर नातंही लिहा. ‘बापू’ म्हणजे आज सगळ्यांना कळतं. वीस वर्षांनी कळणार नाही. ‘बापू, तुझ्या बाबांचे आजोबा, गिरणीत पांजणी खात्यात होते’ असं लिहिलं की पुढच्या पोरांना माणूस सापडतो.

मागच्या बाजूची मधली सहा पानं मोकळी राहतात. अल्बम पूर्ण ओढून उलटा केला की ती दिसतात. तिथं मी घरात म्हटली जाते ती आरती लिहिते, आणि घरात जशी म्हणतात तशीच, चुकीच्या शब्दासकट. आमच्याकडं एक कडवं पिढ्यान् पिढ्या चुकीचं म्हटलं जातंय. ते दुरुस्त केलं तर आरती आमची राहणार नाही.

माझी एक मैत्रीण तेलुगूभाषक आहे. घरात तेलुगू बोलतात, पण तिला तेलुगू लिपी वाचता येत नाही, शाळा मराठी. तिनं आजीची वाक्यं तेलुगूतच, पण देवनागरीत लिहिली. आजीला वाचता येत नव्हतंच कुठलं, तिला नातीनं वाचून दाखवलं. कन्नड घरांनाही हे जमेल. आणि उर्दूत लिहिणार असाल तर मापात काहीच बदलायचं नाही. हाच अल्बम पालथा करा, मागचं कव्हर पुढं येतं आणि तो उजवीकडून उघडतो. आठवं पान पहिलं धरा आणि लिहीत चला.

खळ आणि कव्हर

एक मोठा चमचा मैदा, पाच चमचे गार पाणी. गुठळ्या मोडून घ्या, मंद आचेवर ठेवा आणि हलवणं थांबवू नका. पांढरा रंग जाऊन जरा काचेसारखं दिसायला लागलं, चमच्याला थर धरला, की उतरवा. गार झाल्यावर चहाच्या गाळणीतून गाळा. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. ते विषारी आहे, घरात पोरं असतात, तुम्ही घालू नका. लागेल तेवढीच करा आणि दोन दिवसांत संपवा.

कापडातून गोंद वर येऊ नये म्हणून आधी त्याला पाठ लावायची. इस्त्री केलेलं कापड पालथं पसरा. पातळ साध्या कागदाला खळ लावून तो कागद कापडावर ठेवा आणि मधून बाहेर तळवा फिरवा. रात्रभर वाळू द्या. सोलापुरात उन्हाळ्यात दोन तासांत वाळतं. त्या दिवसांत काम करताना पंखा मात्र बंद ठेवा, नाहीतर गोंद ब्रशवरच सुकतो.

पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, पावणेचार बाय पावणेपाच इंचाचे. कापडाचे दोन, सव्वापाच बाय सव्वासहाचे, म्हणजे चारी बाजूंनी पाऊण इंच दुमडायला मिळतं. अर्धी खळ आणि अर्धा फेविकॉल एकत्र करा. नुसता फेविकॉल फार लवकर धरतो, सरकवायला वेळ देत नाही. हे मिश्रण पुठ्ठ्याला पातळ लावा, कापडाला नाही. पुठ्ठा कापडावर मधोमध ठेवा, उलटा करून वरून हात फिरवा. मग कापडाचे चारी कोपरे तिरके कापा, पण पुठ्ठ्याच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर सोडून. अगदी टोकाला लागून कापलंत तर पुठ्ठ्याचा कोपरा उघडा पडतो. आधी लांब बाजू दुमडा, मग कोपऱ्यातलं उरलेलं कापड नखानं आत दाबा, मग आखूड बाजू. करंजीची कड मुरडणाऱ्या हाताला हे एका दमात जमतं.

इरकलीचा काठ कव्हरवर कुठं यावा, हे मात्र चिकटवण्याआधी चार वेळा ठेवून बघा. मी तो उजव्या कडेला, उभा ठेवते.

जोडणी

पुढच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पहिल्या पानाची पाठ चिकटवायची, चारी बाजूंना अष्टमांश इंच सारखी सोडून. इथं फेविकॉल, आणि अगदी पातळ. ओल जास्त झाली की पान फुगतं. पहिल्या आणि दुसऱ्या पानाच्या मध्ये बटर पेपर घाला. मागच्या कव्हरला आठवं पान लावण्याआधी फीत आडवी ठेवायला विसरू नका, दोन्ही टोकं बाहेर. ती नंतर घालता येत नाही. मी विसरलेय, दोनदा. मागचं कव्हर लावताना अल्बम मिटवून पुढच्या कव्हरशी जुळवून घ्या, मग दाबा.

आता वजन. खाली पोळपाट, वर अल्बम, वर दुसरी सपाट फळी आणि तिच्यावर गव्हाचा डबा. वर्तमानपत्र मध्ये घालू नका, त्याची शाई उठते. तासाभरानं बटर पेपर बदला आणि रात्रभर हलवू नका. कव्हर वळण्याचं कारण बहुतेक घाई हेच असतं.

फोटो सगळ्यात शेवटी, सकाळी, सगळं कोरडं झाल्यावर. त्यांना खळ नको, फेविकॉलही नको. फोटोच्या पाठीला चारी कडांना डबल टेप लावा, एका वेळी एकाच कडेचा कागद सोलून पान जुळवा. पाव इंचाचा समास चारी बाजूंनी आला की बरोबर बसला. फोटो आपण पुठ्ठ्याशी न जोडता पानाशी जोडतोय, त्यामुळं पुढंमागं काढावा लागला तर कव्हर फाडावं लागत नाही.

अक्षता, कुंकू, बेलाचं पान

हे सगळ्यांनाच घालायचं असतं, आणि अल्बम खराब होतो तो यानंच. कुंकू आणि बुक्का थेट कागदावर चिकटवला की ओल मिळताच पसरतो. समोरच्या फोटोतल्या माणसाचं कपाळ सोडून सगळीकडं लागतो. बेलाचं पान वहीत दाबून आठ-दहा दिवस पूर्ण वाळल्यावरच घ्या. अक्षतांचे दाणे सात-आठच, एक दिवस उन्हात खडखडीत वाळवून, झिपच्या छोट्या पाकिटात सपाट पसरून. ते पाकीट बटर पेपरच्या दीड बाय दोन इंची लिफाफ्यात घालून मागच्या बाजूच्या एका पानावर लावा, शक्यतो ज्याच्या पुढच्या अंगाला मजकूर आहे अशा. फोटोमागं लावलं तर दाण्यांचे उंचवटे फोटोवर उठतात.

अल्बम देवघरात ठेवणार असाल तर समईपासून लांब ठेवा. काजळी आणि तेलाचे हात हे दोन शत्रू, तिसरी कसर. वर्षातून दोन-तीनदा उघडून वारा दिला की कसर राहत नाही.

पोस्टानं किंवा कुरिअरनं पाठवायचा तर पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये धरून कापडात गुंडाळा. कोपरे आधी मार खातात.

आत्याचा अल्बम मी असाच, तिच्याच आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पाठवला. चौथ्या दिवशी फोन आला. “आवडला गं. पण होमाच्या फोटोत मागं उभी हाय ती धाकटी वहिनी. तू मोठीचं नाव घातलंस.”

दुरुस्तीचीही रीत आहे. त्याच कार्डशीटचा उरलेला तुकडा घ्यायचा, ओळीच्या मापाची चिठ्ठी कापायची, बरोबर नाव लिहायचं आणि खळीचं बोट लावून वरून चिकटवायची. म्हणून प्रत्येक अल्बमाचं उरलेलं कात्रण नाव घालून जपून ठेवावं. नंतर तोच रंग मिळत नाही. मी चिठ्ठी तयार केली आणि पुढच्या खेपेला पुण्याला जाताना पर्समध्ये टाकली.

अल्बम तिच्या उशाशी होता. उघडून बघितला तर माझी ओळ बॉलपेननं खोडलेली, आणि खाली तिच्या कापऱ्या, तिसरी शिकलेल्या अक्षरात धाकटीचं नाव, तिच्या माहेरच्या नावासकट. चिठ्ठी मी तशीच सोलापूरला परत आणली.